मागचं डावं चाक

यंदा पंधरा ऑगस्टला मी शाळेच्या स्टेजवर उभी राहून भाषण केलं, कागद न बघता, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं की आपण तोंड उघडलं की गोष्टी सरळ होतात. आधी मी घरात दुसऱ्यांदा भात मागतानाही लाजायचे. आता मी नानांना सांगते, तुमची टोपी वाकडी आहे. नववीत आहे, उंचीने आईच्या वर गेलेय, आणि अख्ख्या कुळगावात सायकल चालवणारी मुलगी सध्या मी एकटीच.

म्हणून मागल्या पडवीतल्या गाडीचा विषय मीच काढला. तोवर घरात तिचं कुणी नाव घेत नव्हतं.

लढाई संपली तेव्हा कल्याण कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना त्याने ती गाडी माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, दिली. तेव्हाच ती म्हातारी होती. कापडी टप, पितळी दिवे, आणि हॉर्न असा की म्हैस हंबरल्यासारखा. श्रीपाददादा, माझा मोठा भाऊ, तिच्यावर जीव टाकायचा. मग दादाचं लग्न झालं, मालिनीवहिनी घरात आली, आणि तिच्या माहेरी पहिला दिवाळसण करून दोघं मुरबाडहून परत येत होती. बारवीच्या अलीकडच्या चढावर इंजिन तापलं. चढ संपून उतार लागतो तिथे दादाने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पाण्याचा डबा घेऊन पुढे गेला, आणि रेडिएटरचं झाकण फडक्यात धरून उघडायला लागला. वहिनी आतच बसलेली. फराळाचा डबा कलंडला म्हणून तिने वाकून उजवा हात पुढे केला. 'कट' असा आवाज झाला आणि गाडी निघाली. पुढे मोरीचा दगडी कठडा होता. कठडा आणि गाडी यांच्या मधे दादा होता.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील.

हँडब्रेकचा दांडा दोन सीटांच्या मधे आहे. वहिनीचा उजवा हात तिथेच गेला होता. दांड्याला लागला की नाही, तिला आठवत नाही. "लागला असणार गं," ती मला म्हणायची. "कट वाजलं ना. ब्रेक सुटतानाच तसं वाजतं."

आई कधी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त वहिनीला 'ती' म्हणायची. तिला म्हणावं पानं घे. तिला म्हणावं दुधाला हात लावू नको. देवापुढची समई वहिनीने लावायची नाही, लोणच्याच्या बरणीत हात घालायचा नाही. वहिनीलाही ते पटलं होतं, हीच मोठी भीतीची गोष्ट. ती उजवा हात पदराखाली ठेवायची, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय. दुपारी आम्ही दोघी माजघरात पडायचो. तिला डोळा लागला की तो हात पदरातून बाहेर यायचा, मूठ वळायची, अंगठा खाली दाबला जायचा, आणि मूठ हळूहळू मागे यायची. ब्रेक ओढल्यासारखी. पुन्हा पुन्हा. मी बघत राहायचे. त्याच वेळी मागल्या पडवीतून बारीकसा आवाज यायचा. कट. मी स्वतःला सांगायचे, पत्रा तापलाय, दुसरं काय. पण पत्रा ढगाळ दिवशी कसा तापेल?

तर कॅम्पातल्या एका कंत्राटदाराला लग्नाच्या वरातीसाठी जुनी गाडी हवी होती. कॅम्पाला आता सरकारी नाव उल्हासनगर आहे, पण आमच्याकडे अजून सगळे कॅम्पच म्हणतात. ते मला कळलं आणि मी जेवताना म्हटलं, "नाना, देऊन टाका ती गाडी. ती आहे तोवर या घरात कुणालाच नीट झोप लागणार नाही."

नानांनी घास खाली ठेवला. मला वाटलं आता बसते चापट. पण आईच बोलली. "देऊन टाका. आणि गाडी गेली की तिलाही मुरबाडला पोचवा. तिच्या भावाला कळवा. दोन्ही एकदमच होऊ दे."

वहिनी वाढत होती. पळी मधेच थांबली, मग पुन्हा हलली. "बरं," ती म्हणाली.

असं माझ्या भाषणाचं झालं.

*

पितृपक्षातल्या रविवारी कॅम्पातून मेकॅनिक आला. त्याचं नाव हासोमल. गाडी चालती करून न्यायची, एवढं त्याचं काम. सिंधमधून आलेला, पोट सुटलेला, अखंड बडबड्या माणूस. आल्याआल्या त्याने आईच्या हातात पापडांचा पुडा ठेवला आणि नानांना म्हणाला, "साईं, कराचीत माझा गॅरेज होता. नवाबाची गाडी मी खोलली आहे. ही तर बकरी आहे."

बकरी जागची हलेना. टायरांत हवा भरली, पुढची चाकं फिरली, मागचं उजवं फिरलं. मागचं डावं चाक जसंच्या तसं. तीन पावसाळ्यांत आतला ब्रेक गंजून चिकटला होता, आणि तो सोडवायचा तर चाकाच्या मधला लोखंडी हब उपसून काढायला हवा होता.

मी संधी साधली. त्याला म्हटलं, "हासोमलजी, त्याआधी हँडब्रेक बघा ना. चांगला आहे का?"

माझा हेतू सरळ होता. ब्रेक खराब निघाला असता तर वहिनी सुटली असती. तीन वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं याचं मला नवल वाटत होतं, आणि आपल्याला सुचलं याचा आनंदही. वहिनी माजघराच्या दारात उभी होती. आईही मागे येऊन थांबली होती, हातात निवडायचं सूप.

हासोमल गाडीखाली सरकला. मला म्हणाला, "पुट," म्हणजे त्यांच्यात बाळ, "वर बस आणि दांडा ओढ."

त्या गाडीत मी तेव्हापासून पहिल्यांदा बसले. सीटमधून ओल्या कापडाचा वास आला. दांडा थंड होता. ओढला तर कटकटकट करत वर आला आणि टच्च बसला. वहिनीने डोळे मिटून घेतले होते.

"या गाडीचा हँडब्रेक चाकाला नाही," खालून हासोमलचा आवाज. "मधे जो लांब दांडा फिरतो ना, इंजिनपासून मागे जाणारा, त्याला धरतो. आणि धरतो काय, मगरीसारखा धरतो. एकदम ए-वन."

"म्हणजे आपोआप सुटणार नाही?" आईने विचारलं.

"आपोआप? माई, हा ब्रेक कुणी हाताने सोडल्याशिवाय सुटत नाही."

आई सूप घेऊन आत गेली. वहिनीकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मी ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून तशीच बसून राहिले, आणि स्टेजवरून उतरता न आलेल्या मुलीसारखं मला वाटलं.

*

हब निघेना. आसाच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, निमुळत्या टोकावर तो घट्ट बसवलेला असतो. हासोमलने मधली नट सैल केली, पण पूर्ण काढली नाही, चार आट्यांवर ठेवली. वर पुलर लावला. पुलर म्हणजे तीन नख्यांचा पंजा. नख्या हबला पकडतात आणि मधला स्क्रू दांड्याला उलटा रेटतो. मग लांब पान्याला लोंबकळून त्याने तो आवळला. घासलेट सोडलं, हातोडा मारला, पंपाच्या दिव्याची निळी ज्योत फिरवली. हब तापून जांभळा दिसायला लागला. हलला नाही.

"सासू आहे ही," घाम पुसत तो म्हणाला. "एकदा पकडलं की सोडत नाही."

नाना हसले नाहीत. मला हसू आलं आणि लगेच पश्चात्तापही झाला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. ताण दिलेला आहे, तसाच राहू दे. आपण जेवायचं. लोखंडाला पण विचार करायला टाइम लागतो. कुणी जवळ जायचं नाही. सुटेल तेव्हा तोफेसारखा सुटेल. म्हणून तर नट ठेवली, नाहीतर चाक उडून गावात जाईल."

आम्ही जेवायला बसलो. हासोमलचं पान ओसरीवर, नाना आणि मी आत. वहिनी आमटी वाढत होती. पडवीत कुणी नव्हतं, पण तिथे काहीतरी आवळून धरलेलं आहे हे प्रत्येकाला जाणवत होतं. पाण्याचा तांब्या ठेवतानाही आवाज होऊ नये म्हणून सगळे जपत होते. इतक्या वर्षांत या घरात आम्ही असेच जेवत आलो होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

कट.

पत्र्यावर गोळी झाडावी तसा तो आवाज फुटला, कावळे उडाले, आणि वहिनीच्या हातातून आमटीचं भांडं सुटून माझ्या पानाशेजारी पडलं. तिने भांड्याकडे बघितलंच नाही.

"तोच," ती म्हणाली. "नाना, तोच आवाज. त्या दिवशी हाच झाला होता."

"अगं, आज ब्रेकला कुणी हात लावला नाही," मी म्हणाले.

"म्हणूनच म्हणते," वहिनी म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सावरायचं विसरून पडवीकडे धावली. ती धावते हे मी कधी बघितलं नव्हतं.

हासोमल उष्ट्या हातानेच पुढे झाला होता. त्याने नट काढली आणि हब दोन्ही हातांनी ओढून घेतला. आतून एक लोखंडाचा तुकडा टणकन फरशीवर पडला. दुसरा दांड्याच्या खाचेतच अडकलेला. त्याने दोन्ही तळहातावर ठेवले आणि एकमेकांना जुळवले.

"साईं, ही चावी. दांड्यात अर्धी, हबमधे अर्धी, दोघांना एकत्र फिरवते. ही आज तुटली नाही. बघा, तुटलेल्या तोंडाला गंज आहे. जुनी तुटलेली आहे."

"मग?" नाना म्हणाले.

"मग काय. एका चाकाची चावी तुटली की हा दांडा चाकाच्या आत मोकळा फिरतो. हँडब्रेक मधला दांडा धरून बसला, धरू दे. एक चाक सुटलं की दुसरंही अडत नाही, चाकं त्याचं ऐकतच नाहीत. ब्रेक लावला असेल, नसेल, उतारावर गाडी जाणारच."

"आणि चावी तुटताना आवाज होतो?" वहिनीने विचारलं. ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"होतो ना, बेटी. कट करून होतो."

मला जे झालं ते मी कसं सांगू. मी पडवीत दोन उड्या मारल्या. वहिनीचा उजवा हात पदराबाहेर ओढून मी तो धरला आणि हलवला, शेकहँड करतात तसा. "तू काही केलं नव्हतंस," मी म्हणत होते, "ऐकलंस का, तू काहीच केलं नव्हतंस." तिचा हात गार होता आणि जड होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, परगावाहून कुणी ओळखीचं आल्यासारखं. नाना गाडीच्या पायरीवर खाली बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पण तुटली का?" हासोमल स्वतःशीच पुटपुटत होता. "एरवी चावीवर जोर येतच नाही. दांडा आणि हब कोरडे घट्ट बसले तर सगळा जोर तेच घेतात. कोरडे पाहिजेत, पुसून साफ. इथे तर तेल होतं. जळलेलं तेल आहे. आणि हे लाल... गंज?"

मीही वाकून बघितलं. दांड्याच्या जाड बाजूला एक लाल रेघ गोल फिरत गेली होती, बांगडीसारखी. गंज तपकिरी असतो. ही रेघ लालच होती, आणि तिच्या कडेला पिवळं. आणि चावीच्या खाचेत, जिथे काहीच फिरलं नव्हतं, तिथे लाल-पिवळ्या चिखलात एक तांदळाचा दाणा होता.

मला खंडेनवमी आठवली. दादाच्या लग्नानंतरची, दिवाळीच्या आधीची. त्याने हेच चाक कशासाठी तरी खोललं होतं, नेमकं सणाच्या सकाळी. आई पूजेचं ताट घेऊन आली. कोयता, विळी, नानांची सायकल, सगळ्यांना तेलाचं बोट, हळदकुंकू, अक्षता. गाडीचा तो उघडा दांडा चकचकत होता, त्यालाही तिने मनापासून लावलं. मग दादा फडकं घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, पुसू नको रे, पूजलेलं पुसायचं नसतं. दादा हसला. त्याने तसाच वरून हब चढवला.

मी मान वर केली. आई दारात उभी होती. तिला किती ऐकू गेलं होतं ते माहीत नाही, पण तिची नजर दांड्यावर होती.

माझं तोंड उघडलं होतं. एक वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर, बिनचूक, भाषणातल्यासारखं. तीन वर्षांच्या सगळ्या 'तिला म्हणावं'चं उत्तर त्यात होतं.

वहिनीने घासलेटाचं फडकं उचललं. तिलाही दिसलं होतं. तिला त्या खंडेनवमीचं माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार, ताट तिनेच मांडलं होतं. ती दांड्याशी उकिडवी बसली आणि फडकं खाचेकडे नेलं.

"थांब," आई म्हणाली.

ती पायरी उतरून आली. जवळ येऊन वाकली. खूप वेळ वाकलेली होती. मग तिने हासोमलला विचारलं, "यानं झालं?"

हासोमलने आधी आईकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग नानांकडे. बडबड्या माणूस, पण मूर्ख नव्हता. "माई, ते तर गंज आहे," तो म्हणाला. "पाऊस लागला की लोखंडाला येतो."

"गंजाला अक्षता येत नाहीत," आई म्हणाली.

तिने अनामिकेने, कुंकू लावायच्या बोटानेच, तो दाणा उचलला आणि आत गेली. माझं वाक्य माझ्याकडेच राहिलं. नानांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, वाकडी, आणि मी काही बोलले नाही.

*

गाडी गेली. पडवी रिकामी झाली. दादाचं श्राद्ध झालं. वहिनीची पेटी भरलेलीच होती, कारण नाना मुरबाडला आधीच सांगून बसले होते.

आता तिला कोण काय म्हणणार होतं? कुणीच नाही. ती मोकळी होती. उजव्या हाताने ती पाणी भरायची, फुलं वेचायची. मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. दुपारी झोपेत तो हात नुसता पडलेला असायचा, बोटं उघडी.

आई मात्र दुपारी आडवी व्हायची बंद झाली. रिकाम्या पडवीच्या उंबऱ्यावर बसायची आणि उजव्या हाताचं ते एक बोट राखेने घासायची. आधी वाटलं भांडी घासून राहिली असेल राख. मग एकदा बघितलं तर कातडी सोलून लाल झाली होती. मी म्हटलं, "आई, पुरे." तिने ऐकलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "कुंदा, वाजलं का गं काही?"

"काही नाही वाजलं."

"वाजलं," ती म्हणाली.

तेव्हा वहिनी आतून आली. तिने आईच्या शेजारी बसून तो हात सरळ आपल्या मांडीवर ओढून घेतला. सासूचा हात असा कुणी धरत नाही. बोटाला लोणी लावलं, आणि हात दोन्ही हातांत दाबून धरून बसली. आईने सोडवायचा प्रयत्न केला. वहिनीने सोडला नाही. हळूहळू आईची मान भिंतीला टेकली आणि ती बसल्याबसल्या झोपली. झोपेत ते बोट हलत होतं, हवेत काहीतरी टेकवत होतं, पुन्हा पुन्हा, आणि वहिनी ते हळूच खाली दाबत होती.

नवरात्राच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ शशिकांत आला. चहा झाला, पेटी ओसरीवर आली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती.

"चल मालू," तो म्हणाला. "ऊन वाढायच्या आत निघू."

"तू जा, दादा," वहिनी म्हणाली.

"म्हणजे? यांनीच तर बोलावलंय न्यायला. कुणी काही म्हणालं का तुला?"

"कुणी काही म्हणालं नाही. आईंना दुपारचं एकटं ठेवता येत नाही."

"अगं, कुंदा आहे की. एवढी मोठी झाली आहे."

मी तयार होते. छाती पुढे काढून हो म्हणणार होते.

"तिला कळत नाही कसं धरायचं ते," वहिनी म्हणाली. "मला सवय आहे."

शशिकांतला काही कळलं नाही. आतून आईचा आवाज आला, बारीक, पण नावाने. "मालिनी, जा तू. माझ्यापायी अडकू नको."

वहिनीने पेटीची एक कडी धरली आणि मला म्हणाली, "कुंदा, तिकडची धर गं." आम्ही दोघींनी ती उचलून माजघरात परत नेली.